चाळीस कोरे ब्लँक

पाहुणे टाळ्या वाजवत होते. स्क्रीनवर दोन शिखरं उभी राहिली होती, आमची सुप्रसिद्ध दोन शिखरं. आमच्या संस्थेचे डायरेक्टरसाहेब हात पसरून असे उभे होते की जणू ती त्यांनीच आत्ता खिशातून काढली. मीही हसत होतो. छातीवर हात ठेवून किंचित वाकलोसुद्धा. आणि वाकता वाकता माझी नजर बाजूच्या छोट्या स्क्रीनवर गेली.

त्या स्क्रीनवर मशीनच्या आतल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. सुईखाली काय आहे, ते. सुईखाली धानाच्या पानाचा तुकडा असायला हवा होता. नव्हता. एसीच्या हवेत सुकून त्याची सुरळी झाली होती आणि ती कोपऱ्यात जाऊन पडली होती. सुई सोन्याच्या कोऱ्या पट्टीवर टेकलेली होती. तिथे काहीच नव्हतं आणि त्या काहीच नसलेल्यातून आमचा शोध झळझळीत दिसत होता.

खोलीत बारा माणसं होती. ही गोष्ट दोघांना कळली. एक मी. दुसरी मधुरा हरदास, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. ती कीबोर्डसमोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त हात मांडीवर घेतले.

"वाह!" एक पाहुणे म्हणाले. "बिल्कुल साफ दिख रहा है!"

साफ दिसत होतं यात वादच नाही.

पाहुण्यांना खोव्याची जलेबी खायला नेलं. मी पण गेलो. दोन खाल्ल्या. त्यांच्या चवीबद्दल मला काहीही आठवत नाही आणि जबलपुरात जन्मून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने असं म्हणावं, यावरून माझी अवस्था समजून घ्या.

आता आमचा धंदा सांगतो. मी अॅनालिटिकल केमिस्ट. म्हणजे, यात काय आहे आणि किती आहे, एवढं सांगणारा माणूस. बाकीचे केमिस्ट नवे पदार्थ बनवतात. आम्ही दुसऱ्याने बनवलेल्यात नाक खुपसतो. त्यातही माझं काम नॅनो मापाचं. केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले तर त्यातल्या एका भागावर कुठले रेणू बसलेत, हे मी सांगतो. निदान सांगतो असं मला वाटत होतं.

ते कसं सांगतात? लेसरचा प्रकाश रेणूवर टाकला की परत येताना त्याचा रंग थोडासा बदलतो. कुठला रेणू, त्याप्रमाणे बदल वेगळा. कागदावर त्याची शिखरं उमटतात. ती त्या रेणूची सही. पण एवढ्याशा जागेतून येणारी सही इतकी फिकी असते की दिसतच नाही. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एक अतिबारीक सुई त्या जागेवर टेकवतात. तिला आम्ही टिप म्हणतो. टिपचं टोक प्रकाश गोळा करतं आणि सही लाखो पटींनी ठळक होते.

होते, पण टिप चांगली निघाली तर. दहांतली एखादीच निघते. बाकीच्या नऊ दिसायला तशाच, पण प्रकाश गोळा करत नाहीत. का, ते बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. त्या बाहेरदेशातून येतात, कस्टममध्ये अडकतात, तीन-तीन महिने वाट पाहायला लावतात. शिवाय चांगली टिपसुद्धा टेकवून टेकवून झिजते. म्हणून आमच्या लॅबमध्ये चांगल्या टिपला राणी म्हणायचे आणि बाकीच्या नऊ जणींना दासी. नावं अर्थात मी ठेवलेली. राणी निघाली की लॅबमध्ये बारसं व्हायचं. काम झालं की तिला चिमट्याने उचलून तिच्या मूळ डबीत, मऊ चिकट जेलवर, पुन्हा अलगद ठेवायचं. एकेक राणी आम्ही पंधरा-पंधरा दिवस पुरवली आहे. इतकं मी माझ्या चष्म्याला जपत नाही.

आणि ब्लँक म्हणजे काय? सॅम्पल न ठेवता केलेलं माप. रिकामी पट्टी मोजायची. तिथे काही दिसलं तर समजायचं की कचरा आपलाच आहे, सॅम्पलचा नाही. आमच्या धंद्यात ब्लँक न करणं म्हणजे आंघोळ न करता देवघरात जाणं.

तर आमचा शोध. धानाचं पान हाताला कापतं, हे शेतात गेलेल्या कुणालाही माहीत असतं. त्यात वाळूतलं सिलिकॉन असतं. झाडं ते जमिनीतून घेतात. पण सिलिकॉनला कार्बनशी थेट जोडणं झाडांना जमत नाही. ते काम कारखान्यातलं. आणि आम्हाला बरगीकडच्या एका शेतातून आणलेल्या पानावर, मेणाच्या खाली, रेणूभर जाडीचा एक थर दिसला. त्याच्या सहीत सिलिकॉन-कार्बनची जोडी होती. जे कुठल्या झाडाला जमलं नव्हतं ते बरगीच्या धानाला जमलं होतं!

हे वाचणारा केमिस्ट आत्ता गालात हसत असेल. हसा. पण आम्हीही अगदीच बावळट नव्हतो. बाहेरून काही लागलं असेल, ही शंका आम्हाला पहिल्याच दिवशी आली. म्हणून ब्लँक केले. एक नाही, चाळीस. सगळेच्या सगळे कोरे. पेपर छापून आला. परीक्षकांनी विचारलं, ब्लँक किती? आम्ही मान ताठ करून लिहिलं, चाळीस. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर दोन शिखरं, एक पान, डायरेक्टरसाहेबांचा मोठा फोटो आणि माझा मध्यम. मधुराचा नव्हता. पण तिचा पूर्ण थीसिस त्याच थरावर उभा होता. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, अठरा दिवस उरले होते. भोपाळच्या एका कॉलेजने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. अट एकच, आधी डिग्री.

पाहुणे गेल्यावर मी लॅबमध्ये परतलो. मधुरा तिथेच बसलेली.

"कुठली टिप होती?" मी विचारलं.

"राणी. नऊ दिवसांची. तुम्हीच म्हणाले होते, पाहुण्यांसाठी राणी काढ."

"आणि ब्लँक आपण..."

"दासीनी," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस. सर, दासीला तर पानावर पण काही दिसत नाही."

मी खाली बसलो. दासी टिपला कुठेच काही दिसत नाही, म्हणून तर ती दासी. चाळीस वेळा आम्ही आंधळा साक्षीदार उभा केला होता. त्याने चाळीस वेळा सांगितलं, हुजूर, मी काही पाहिलं नाही. आणि आम्ही त्याची साक्ष छापली.

पुढचे तीन दिवस आम्ही एकच काम केलं. हातात चार राण्या होत्या. एक नवी, डबीतून नुकतीच काढलेली. एक दोन दिवस जपलेली, एक पाच दिवस, आणि ती नऊ दिवसांची पट्टराणी. चौघींना कोऱ्या पट्टीवर टेकवलं. नवीची शिखरं जेमतेम दिसली. दोन दिवसांचीची बरी. पाच दिवसांचीची छान. नऊ दिवसांचीची फ्लेक्सवर लावण्यासारखी. मग चौघींना धुतलं. धुतल्यावर एक टिप कामातून गेली. उरलेल्या तिघींच्या दृष्टीत फरक पडला नव्हता, ज्याची सही आधीच माहीत असते अशा चाचणीच्या रंगावर त्या पूर्वीसारख्याच चालल्या. पण कोऱ्या पट्टीवर काही नाही. मग पानावर. तिथेही काही नाही.

थर धानाचा नव्हता. डबीतल्या त्या मऊ जेलचा होता. ते सिलिकोनचं, म्हणजे कारखान्यात सिलिकॉन-कार्बन जोडून केलेल्या रबराचं असतं. बाथरूमच्या फटीत भरतात त्याच्याच खानदानातलं. त्यातलं तेल हळूहळू वर सरकतं आणि टिपच्या टोकावर चढतं. जितके दिवस जपाल तितकं जास्त. आम्ही निष्काळजी असतो, वापरलेली टिप टेबलावर फेकून देत असतो, तर हा शोध लागलाच नसता.

चौथ्या दिवशी मी डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते टिफिन खात होते.

"सर, वो लेयर नहीं है।"

"कौन सी लेयर?"

"वही, जो गेट पर टंगी है।"

त्यांनी घास चावला. नीट, बत्तीस वेळा.

"मतलब पत्ते में नहीं है?"

"पत्ते में नहीं है। डिब्बी में है।"

"पिंपळापुरेजी, आप मराठी मंडल में नाटक करते हैं न?"

"जी।"

"तो वहीं किया कीजिए।" त्यांनी डबा बंद केला. "बच्ची का वाइवा कब है?"

"चौदह दिन।"

"हो जाने दीजिए। डिग्री मिले, नौकरी लगे। फिर साल-दो साल में एक छोटा-सा पेपर लिख दीजिएगा कि और गहराई से देखा तो बात कुछ और निकली। किसका क्या बिगड़ा? धान को तो पता भी नहीं।"

हा सल्ला वाईट माणसाचा नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. तो व्यवहारी माणसाचा होता. मी बाहेर येऊन लागोपाठ दोन चहा प्यायलो आणि मग मधुराकडे गेलो. आता खरं सांगतो. तिच्याकडे जाताना मला मनातून वाटत होतं की ती म्हणेल, राहू द्या न सर. म्हणजे ओझं तिचं झालं असतं. मी नुसता दयाळू ठरलो असतो.

तिच्यासमोर तिची लॅबची वही उघडी होती. पहिल्या वर्षाची. तिने ती माझ्याकडे फिरवली. पानावर तिचं बारीक अक्षर होतं: 'सरांना विचारलं, ब्लँकला पण राणी लावायची का? सर: नाही. कारण: टिप वाया जाते.'

आणि मला तो दिवस आठवला. कारण तिने वहीत सगळं लिहिलं नव्हतं.

तिला लॅबमध्ये येऊन आठवडा झाला होता. ग्रुप मीटिंग चालली होती. ही कोपऱ्यातून, घरच्या तोडक्या मराठीत, म्हणाली, "सर, ब्लँकला दासी काहून? त्याला पण राणी लावून पाहू न." आणि मी, ज्याला समोर आठ माणसं बसलेली दिसली की रंगमंच दिसतो, तो मी म्हणालो, "मधुराबाई, घरी शालू नेसून भांडी घासता का?" सगळे हसले. मराठी न कळणाऱ्यांसाठी मी तोच विनोद हिंदीत पुन्हा सांगितला, कारण वाया गेलेला विनोद मला सहन होत नाही. ते पण हसले. मधुरा पण हसली. नंतर चार वर्षांत तिने मीटिंगमध्ये प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मी तिच्याबद्दल लोकांना सांगायचो, फार समजूतदार मुलगी, सांगितलेलं करते.

सांगितलेलं तिने खरंच केलं होतं. चाळीस ब्लँकची चाळीस पानं. प्रत्येक पानावर टिपच्या नावापुढे स्वच्छ लिहिलेलं: दासी. मी प्रत्येक पानाखाली सही केली होती.

"सर," ती म्हणाली, "मी रडू की बरोबर होती म्हणून खुश होऊ, मला समजूनच नाही राहिलं."

 

"डायरेक्टरसाहेब म्हणतात, व्हायवा होऊन जाऊ दे," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी तुला विचारायला आलो."

"मला काहून विचारता? तेव्हा मी विचारलं होतं तर..." तिने वही बंद केली. "मागे घ्या पेपर. व्हायवात कोणी विचारलं, बेटा, ब्लँक कौन सी टिप से किया, तर मी काय सांगू? खोटं मला पटकन जमत नाही. तुमच्यासारखा अभिनय नाही न येत."

हा टोमणा होता की नुसतं वर्णन, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"याच्यावरच थीसिस लिही," मी म्हणालो. "टिप कशी बाटते यावर. जगभर लोक याच डब्या वापरतात. खरा शोध तर हा आहे."

"डबीच्या गोंदावर डॉक्टरेट," ती म्हणाली. "चलो, ते पण करीन. विचारून पाहा."

विचारलं. विषय बदलायचा तर नवीन रजिस्ट्रेशन. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. कमिटीतल्या एका प्राध्यापकांनी सहानुभूतीने मान हलवली. तेवढीच हलवता येते, असं ते म्हणाले.

पेपर मागे घेण्याचं पत्र मी लिहिलं. त्यात मी लिहिलं होतं: 'ब्लँकची पद्धत सदोष होती. ती पद्धत मी ठरवली होती.' जर्नलला जाण्यापूर्वी पत्र डायरेक्टरसाहेबांकडून फिरून आलं. दोन वाक्यांच्या जागी एकच होतं: 'उपकरण हाताळताना ऑपरेटरकडून झालेल्या चुकीमुळे.'

मी पुन्हा केबिनमध्ये गेलो.

"सर, ऑपरेटर तो मधुरा है।"

"नाम कहाँ लिखा है?"

"पेपर में लिखा है, मशीन किसने चलाई।"

"देखिए," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "पद्धति गलत तो संस्था गलत। पिछले सारे पेपर गलत। अगली मशीन का पैसा गया। और एक आदमी से चूक हो गई, तो बस हो गई। आपको पेपर वापस लेना है कि नहीं लेना?"

मला घ्यायचा होता. पंधरा दिवस चाललेलं हे प्रकरण संपवायचं होतं. मला वाटलं, मुख्य गोष्ट पेपर मागे जाणं. एका वाक्याने काय होतं? खोटं छापलेलं निघून जाईल, सत्य राहील. असं मी स्वतःला समजावलं. मी उत्तम नट आहे, प्रेक्षक मीच होतो, लगेच पटलं. सही केली.

डिग्री नाही, म्हणून मधुराची भोपाळची जागा दुसऱ्याला गेली. तिने दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. आजकाल अर्ज वाचणारे आधी नाव शोधून पाहतात. तिचं नाव शोधलं की पहिल्याच ओळीत मागे घेतलेला पेपर येतो आणि त्याखाली ते वाक्य. माझं नाव शोधलं की आधी तीस पेपर येतात. ते वाक्य खूप खाली आहे.

माझं काय झालं? माझं छान झालं. आपला पेपर आपणच मागे घेणारा माणूस म्हणून मला बोलावणी येऊ लागली. वर्कशॉप, रिफ्रेशर कोर्स, 'संशोधनातील प्रामाणिकपणा'. मी हा किस्सा रंगवून सांगतो. पाहुण्यांच्या टाळ्या, सुरळी झालेलं पान, आंधळा साक्षीदार. लोक हसतात, मग गंभीर होतात, मग उभे राहून टाळ्या वाजवतात. आमच्या लॅबमध्ये आता सर्वांत चांगली टिप, नवी असो की जपलेली, आधी ब्लँकला लावतात, नंतर सॅम्पलला. दुसऱ्या दोन लॅबनीही ते उचललं आहे. त्याला पिंपळापुरे नियम म्हणतात. मी हे नाव ठेवलं नाही. खोडलंही नाही.

गेटवर आता दुसरा फ्लेक्स आहे. फोटो तेच.

मधुरा सध्या शहपुऱ्याजवळ मटार गोठवण्याच्या कारखान्यात क्वालिटी बघते. मटारावर औषधाचा अंश किती उरला, ते मोजते. मागच्या हिवाळ्यात मी तिला फोन केला. हा किस्सा आता मी लिहून काढणार होतो. परवानगी विचारावी, इतकी अक्कल मला एवढ्या वर्षांनी आली होती.

"लिहा न सर," ती म्हणाली. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. "नाव पण लिहा. छुपवायचं काय आता त्यात?"

"वाईट नाही ना वाटणार?"

"एक सांगू? तुमचं ते भाषण मी ऐकलं. कोणीतरी व्हिडिओ टाकला होता. मस्त सांगता. फक्त त्याच्यात तो शालूवाला विनोद नव्हता."

"तो मी गाळतो."

"काहून?" ती म्हणाली. "त्याच्यावर तर सगळे हसले होते."

मग तिने सांगितलं की ट्रक लागलाय, सॅम्पल घ्यायचंय, आणि फोन ठेवला.

म्हणून विनोद वर दिला आहे, दोन्ही भाषांत सांगितल्याच्या कबुलीसकट. जर्नलमधलं ते वाक्य बदलावं म्हणून मी गेल्या वर्षी लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की छापलेलं निवेदन संस्थेच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. संस्थेला विचारलं आहे. फाइल डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर आहे.

तोवर धंद्यातल्या लोकांनी एवढं लक्षात ठेवावं: तुमची सर्वांत चांगली टिप आधी ब्लँकवर टेकवा. हा नियम मधुरा हरदासचा आहे. तिला तेव्हा लॅबमध्ये येऊन एक आठवडा झाला होता.